अधिकार आवाजात नसतो
काहीजण म्हणतात की ख्रिस्ती विश्वासणाऱ्याला येशूच्या नावाने अधिकार आहे म्हणून सैतानाला दरडावूनच बोलायचं. अधिकार आहे हे मान्य, बायबलमधलं लूक 10:19 स्पष्टच आहे (तिथे येशू शिष्यांना शत्रूच्या सगळ्या शक्तीवर अधिकार देतो), पण दरडावणं कुठून आलं? बायबलच्याच प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये स्किवा नावाच्या यहुदी याजकाच्या सात मुलांनी दुष्ट आत्मा काढायला येशूचं तेच नाव वापरलं आणि उघडेनागडे, जखमी होऊन घरातून पळाले, म्हणजे नाव मंत्रासारखं चालत नाही. मत्तय 8 मधला शताधिपती (शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी) बघा, तो आधी म्हणतो मी स्वतः कुणाच्या तरी ताब्यात आहे आणि मग हाताखालच्या शिपायांचं सांगतो, आधी अधीनता, मग अधिकार, हा क्रम आपण विसरतो. मीपण कितीतरी वर्षं घसा बसेपर्यंत ओरडून प्रार्थना करायचो, आणि ज्याला क्षमा करायला देव सांगत होता त्याच्याशी बोलणं मात्र बंदच!