सर्व्हर हलवताना काय काय ठरवलंत? मराठवाड्यातले अनुभव

धंदा वाढला की जुना सर्व्हर (सगळ्यांचा डेटा ठेवणारा मुख्य कम्प्युटर) पुरत नाही. दुसरं गोडाऊन होतं, शाखा निघते, फिरतीवरची मुलं मोबाइलवरून ऑर्डर टाकायला लागतात, आणि सगळा भार कोपऱ्यातल्या त्याच एका मशीनवर. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ ह्या सर्व्हरवरच्या जुन्या विंडोजची नेहमीची सुरक्षा अपडेट १० ऑक्टोबर २०२३ ला थांबली, तरी कितीतरी पेढ्यांवर तो अजून चालूच आहे. कुठली मशीन घेतली ते इथं नको. जुन्यावरून नव्या सर्व्हरवर काम हलवण्याआधी काय ठरवलं आणि का, एवढं लिहा. ज्यांचं काम पुढं आहे त्यांना तेच लागतं.

लातूर, डाळ मिल

सर्व्हर देणाऱ्या माणसानं आल्या आल्या विचारलं, "डेटा किती जीबी?" आमच्या मालकांनी वेगळंच विचारलं, "ह्या मशीनवर कोण कोण अवलंबून आहे, ते आधी सांगा." तिथंच काम मार्गी लागलं. मी आणि मुनीमजींनी मिलभर फिरून यादी केली. टॅली, बारदान्याचा हिशोब, प्रिंटर हे सगळ्यांना माहीत होतंच. फाटकावरचा वजनकाटा मात्र कुणाच्याच ध्यानात नव्हता. काट्याच्या कम्प्युटरमध्ये सर्व्हरचं नाव नव्हतं, एका सेटिंग फाइलीत थेट आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) लिहिलेला. ते सॉफ्टवेअर बसवणारा माणूस केव्हाच गाव सोडून गेलेला. गाडी काट्यावर चढली, वजन दिसलं आणि पावती आतमध्ये पोचलीच नाही, तर तुरीच्या गाड्यांची रांग पार रस्त्यावर जाते. म्हणून ठरलं: नव्या सर्व्हरला शेवटी जुन्याचाच आयपी द्यायचा, काट्याला हात लावायचा नाही.

दिवस धरला येळवशीचा (वेळ अमावास्येचा). त्या दिवशी लातूरचं अख्खं गाव शेतात असतं. सोयाबीनचा जोर ओसरलेला असतो, नवी तूर अजून यायची असते. आधीच्या रात्रींत रोबोकॉपीनं (विंडोजमधलं फाइली कॉपी करायचं साधन) सगळा डेटा नेऊन ठेवला होता, त्यामुळं येळवशीला फक्त बदललेल्या फाइली राहिल्या. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवर सरेंडर करून मग नव्यावर चालू करावं लागतं, त्याला इंटरनेट लागतं, म्हणून मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवलेलं. मालकीणबाईंनी शेतातून भज्जी, उंडे आणि आंबिलीचा तांब्या पाठवला होता. दिवस मावळताना रिकामा ट्रॅक्टर काट्यावर चढवला, पावती छापली. मुनीमजींनी ती नव्या सर्व्हरवर स्वतः हुडकली, नंबर ताडून बघितला, तेव्हाच सगळ्यांना घरी सोडलं.

वाळूज, ऑटो पार्ट्सचं वर्कशॉप

लातूरकरांनी काट्याचं सांगितलं तेच आमच्याकडं व्हीएमसी मशीनचं (कम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर धातू कातणारी यंत्रं). जुन्या मशीन शेअर फोल्डरमधून प्रोग्रॅम उचलतात, तेही एसएमबीच्या (नेटवर्कवर फोल्डर वाटून वापरायची विंडोजची पद्धत) पहिल्या आवृत्तीवर. विंडोज सर्व्हर २०१९ मध्ये ती मुळात बसवलेलीच नसते. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस तिच्यातल्याच कच्च्या जागेतून पसरला होता. नव्या सर्व्हरवर ती चालू करून मोकळं व्हा, असा सल्ला आम्हाला मिळाला. आम्ही साफ नकार दिला. व्हीएमसींसाठी एक छोटा कम्प्युटर वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच नेटवर्कचा अलग केलेला भाग) ठेवला, ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवरून त्याच्याकडं जातात, उलटं काही येत नाही. थोडं काम वाढलं, पण डिझाइन विभागाचा डेटा सुरक्षित राहिला.

अजून एक. तुमचं डोमेन (सगळ्यांची खाती आणि पासवर्ड एका जागी सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) विंडोज सर्व्हर २००३ च्या काळापासून चालत आलेलं असेल तर सिसव्हॉल (डोमेनचं सामायिक फोल्डर) कशावर आहे ते बघून घ्या. एफआरएसवर (ते फोल्डर सगळ्या सर्व्हरांवर सारखं ठेवायची जुनी पद्धत) असेल तर २०१९ चा डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) जोडता येत नाही, आधी डीएफएसआर ह्या नव्या पद्धतीवर न्यावं लागतं.

जालना, बियाणं

आमच्यात मृगाच्या आधी सर्व्हरला कुणी हात लावत नाही. एप्रिलपासून डीलरांची गर्दी, एक तास बंद म्हणजे बोंबाबोंब. दिवाळीनंतरच.

गणित मांडायला विसरू नका. १ टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या जुन्या नेटवर्क स्विचमधून न्यायचा तर २२ तास सहज लागतात. एका रात्रीत मावत नाही. गिगाबिट स्विच आधी बदलला, सर्व्हर नंतर. क्लाउडचं बोलणं निघालं तेव्हाही कागदावर लिहून दाखवलं: २० एमबीपीएस अपलोडवर तोच डेटा साडेचार दिवसांच्या वर.

परभणी, औषधांचं होलसेल

तारखा मी ठरवल्या. ११ ला जीएसटीचं विक्रीचं विवरण जीएसटीआर-१, २० ला कर भरायचं ३बी, त्या दिवसांच्या मागंपुढं काहीच नाही. आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे. हिशोबाचा रोजचा बॅकअपही भारतातल्या सर्व्हरवर पाहिजे. म्हणून सीए साहेबांना पहिल्या बैठकीलाच बोलावलं. जुन्या नोंदींचा लॉग नव्या मशीनवर जसाच्या तसा उघडतो का, हे त्यांनी समोर बसून तपासलं.

देखभालवाले "बॅकअप रोज होतो" म्हणायचे. मी म्हटलं, दुसऱ्या कम्प्युटरवर उघडून दाखवा. उघडला तर शेवटचं बिल कित्येक महिन्यांपूर्वीचं! ह्याचा मला आजही राग येतो. औषधांच्या बॅच आणि एक्स्पायरी त्याच डेटात असतात हो. बॅकअप नव्यानं लागला, आमच्या हातानं परत उघडला, तोवर जुना सर्व्हर जागचा हलू दिला नाही.

धाराशिव, ट्रॅक्टरचे सुटे भाग

नवा सर्व्हर जुन्या यूपीएसवर चढवण्याआधी पूर्ण लोड टाकून मेन स्विच पाडून बघा. आमची बॅटरी सर्व्हर नीट बंद होण्याइतकीही टिकली नाही. बरं झालं चाचणीतच कळलं.

नांदेड, नेटवर्कची कामं घेतो

लातूरच्या दादांचं काम देखणं झालं, पण मी एकाच दिवशी सगळं हलवत नाही. आधी डीएनएस आणि डीएचसीपी (कम्प्युटरांची नावं ओळखायची आणि त्यांना आयपी पत्ते वाटायची कामं), मग प्रिंटर, मग फाइली, टॅली सगळ्यात शेवटी. मध्ये काही अडलं तर कशामुळं अडलं ते लगेच कळतं. आणि परत फिरायची वेळ आधीच लिहून ठेवतो: रविवारी दुपारी ४ पर्यंत पावती निघाली नाही तर जुना सर्व्हर परत चालू, सोमवारी गिऱ्हाइकाला काही जाणवू द्यायचं नाही. हे मालकाच्या सहीनं ठरलेलं असावं, नाहीतर रात्री २ वाजता "अजून थोडं बघू" सुरू होतं.

जुना डोमेन कंट्रोलर मात्र नुसता बटण दाबून कपाटात ठेवू नका. सगळं स्थिरावलं की रीतसर डिमोट करून (त्याचं डोमेनचं काम काढून घेऊन) काढा. साधारण १८० दिवसांहून जास्त बंद राहिलेला परत जोडला तर पुसलेली खातीसुद्धा पुन्हा वर येऊ शकतात. जुन्या फाइली लागतील अशी धास्ती असेल तर त्या डिस्क काढून, तारीख लिहून मालकाच्या तिजोरीत.