मदत हवी आहे: केकच्या जोडीला कॉस्टिंग शीट आणि मराठी पीडीएफ विकायची आहे

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीत घरून एगलेस केक आणि नानखटाईच्या ऑर्डर घेते. एफएसएसएआयची नोंदणी आहे. केक कल्याण-डोंबिवलीबाहेर देत नाही, खटाई मात्र दिवाळीत कुरिअरने पुण्याला, बंगळुरूला जाते. श्रावण-गणपतीत दम घ्यायला वेळ नसतो आणि पितृपक्षात फोन वाजत नाही. ओटीजी एकच, ओट्यावर दुसरा ठेवायला जागा नाही. म्हणून आता ओव्हन न लावता विकता येईल असं काहीतरी करायचं मनात आहे.

घरी क्लास घेते. बायका येतात रेसिपीसाठी, पण प्रश्न सगळे पैशांचे. "ताई, अर्ध्या किलोचे किती लावू?" बहुतेकजणी सामानाची ढोबळ बेरीज करतात, दुप्पट करतात आणि मोकळ्या होतात. क्रीमचा लिटरचा पॅक फोडला आणि पाव लिटर उरलं, ते कुठल्या केकच्या खात्यात? बोर्ड, बॉक्स, रिबन, वरचा घुमट कापून टाकलेला भाग, वीज, आणि दोन तास उभं राहिलेले स्वतःचे पाय? हे कोणी धरतच नाही.

टिनचं तर विचारूच नका. 6 इंची गोल टिनचं प्रमाण 8 इंचीला दीडपट घेतात. व्यासाचा वर्ग करून बघा, 36 ला 64. म्हणजे उंची तीच हवी असेल तर सामान पावणेदोनपटीहून थोडं जास्तच लागतं. केक बसका होतो आणि बोल बेकिंग पावडरला.

यासाठी मी एक शीट केली आहे. मैदा, कंडेन्स्ड मिल्क, क्रीम यांचे भाव एकाच जागी भरायचे, टिन निवडायचं, की सामान आणि विक्रीची किंमत दोन्ही समोर. स्वतःची तासाची मजुरी भरल्याशिवाय किंमत दिसतच नाही, हे मी मुद्दाम केलंय. सोबत ग्रॅममधल्या एगलेस बेसिक रेसिपींची मराठी पीडीएफ. मुलगा म्हणतो, रेसिपी यूट्यूबवर फुकट मिळतात, कोण विकत घेणार? रेसिपीपुरतं त्याचं पटतं. शीटचं पटत नाही.

आता अडलंय ते असं. पीडीएफ एकीने घेतली की तासाभरात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणार. प्रत्येक पानावर घेणारीचं नाव छापलं तर लोकांना राग येतो का? पैसे यूपीआयवर घेऊन फाइल हाताने पाठवावी, की पेमेंट पेज करावं? शिवाय काही फोनवर पीडीएफमधली जोडाक्षरं फुटतात, 'व्हिप्ड'चे तुकडे होतात. आणि पीडीएफ परराज्यात किंवा न्यू जर्सीला गेली तर जीएसटीचं काय? केकची उलाढाल 20 लाखांच्या आसपासही नाही.

किंमत 199 ठेवू की 499, यावर घरात दोन तट आहेत.

प्रतिसाद: ताई, जीएसटीचं सांगतो. नोंदणी न लागण्याची 40 लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना. पीडीएफ, शीट हे सेवेत धरतात, ते सुरू केलं की केक धरून एकूण उलाढालीला 20 लाखांची मर्यादा लागते. सेवा परराज्यात गेली तरी त्या मर्यादेच्या आत नोंदणीची सक्ती नाही. मालाचं तसं नाही. बंगळुरूला जाणारी खटाई हा आंतरराज्य माल आहे, तिथे उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. तुमचा प्रश्न पीडीएफचा नाही, पार्सलचा आहे. सीएला आधी तेच विचारा.

प्रतिसाद: नाव जरूर छापा. मी विणकामाचे पॅटर्न विकते, आजवर कोणी नाराज झालं नाही. शीटला मात्र कुलूप लावण्यात वेळ घालवू नका. गूगल शीटची कॉपी केली की करणारी तिची मालकीण होते, कुलूप काढू शकते. त्यापेक्षा वर्षभर सुधारित आवृत्ती द्या, ज्यांनी पैसे भरले त्यांनाच. पेमेंट पेज चालवणारे गेटवे साधारण 2 टक्के आणि वर जीएसटी घेतात, पण रात्री साडेअकराला कोणी पैसे भरले तर फाइल आपोआप जाते. फॉन्टसाठी 'मुक्त' नावाचा वापरून बघा, युनिकोड आहे, मोफत आहे, विक्रीच्या पुस्तकातही चालतो. पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड झालाय ना, म्हणजे फाइलच्या आतच बसलाय ना, ते तपासा. आणि 199 नको. जिने स्वतःची मजुरी भरल्याशिवाय किंमत दाखवायची नाही असं ठरवलं, तिने स्वतःची शीट इतकी स्वस्त द्यावी?

धागाकर्ती: दोघांचे आभार. 499 नक्की, मुलाला वाचून दाखवलं. सीएकडे जाते. परराज्यातली खटाई किती जाते ते काढलं, तर जेमतेम पंधरा-वीस डबे. त्यासाठी नोंदणी आणि दर वेळचं रिटर्न भरण्यात अर्थ वाटत नाही. ते बंद करून पुण्या-मुंबईपुरतीच ठेवली, तर चालेल ना?

प्रतिसाद: राज्यातल्या राज्यात असेल आणि एकूण 20 लाखांच्या आत असेल तर चालेल. बंगळुरूवाल्यांना पीडीएफ विका, खटाई घरी करतील.