वृद्धांच्या ऑपरेशनचा धोका चिनी देहप्रकृतीवरून ठरवावा का?

सप्तर्षी: चीनमध्ये ६५ वर्षांवरच्या नागरिकांच्या सरकारी आरोग्य तपासणीत ३३ प्रश्नांची देहप्रकृती-प्रश्नावली भरून घेतात. नऊ प्रकृतींचं हे वर्गीकरण बीजिंगचे चिनी वैद्यकाचे प्राध्यापक वांग छी यांचं, २००९ पासून तिथलं मानक. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण. ‘छी’ म्हणजे प्राणशक्ती कमी असलेल्या प्रकृतीचे प्रश्न चारच: लवकर थकवा, धाप, क्षीण आवाज, वारंवार सर्दी. बेरीज ११ किंवा वर गेली की ती प्रकृती आहे असं धरतात. ९-१० म्हणजे तिकडे कल. ऑपरेशनपूर्व तपासणीत हे चार प्रश्न घ्यायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे. नुसत्या ईसीजीवरून म्हाताऱ्या माणसात किती दम उरलाय ते कळत नाही.

भूलशास्त्र: साफ असहमत. हिमोग्लोबिन ८ असलेला, जुना दमेकरी आणि महाधमनीची झडप आवळलेला, तिघांची बेरीज सारखीच १२ येऊ शकते. पहिल्याला शिरेतून लोह, दुसऱ्याला इनहेलर आणि श्वासाचे व्यायाम. तिसऱ्याचा इको (हृदयाची सोनोग्राफी) न करता नेहमीसारखी मणक्यातून भूल दिली तर रक्तदाब कोसळतो आणि सावरता येत नाही. प्रकृतीचं नाव लागलं की मागचं कारण झाकलं जातं, हा खरा धोका.

शिवाय प्रश्नावली गेल्या वर्षभराचा अनुभव विचारते. आतड्याच्या कॅन्सरने दोन महिन्यांत खंगलेला माणूस वर्षाच्या सरासरीत ठीकठाक दिसेल. त्यापेक्षा ४ मीटर चालायला लावा. ५ सेकंदांहून जास्त लागले तर सावध व्हा. हाताची पकड मोजा: आशियाई निकषांत पुरुषांची २८ किलोपेक्षा, बायकांची १८ पेक्षा कमी असेल तर ती क्षीण. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून घड्याळ काढून घ्या. ५ पैकी ३ पेक्षा कमी गुण पडले तर ऑपरेशननंतर भ्रम होण्याची शक्यता नातेवाइकांना आधीच सांगा.

सप्तर्षी: खुबा मोडलेल्या आजींना चालवणार कसं? वाकड्या झालेल्या बोटांनी पकड कशी मोजणार? हे चार प्रश्न झोपल्या जागी विचारता येतात, मुलगाही उत्तरं देऊ शकतो.

भूलशास्त्र: त्यासाठी १ ते ९ चा क्लिनिकल फ्रेल्टी स्केल (वार्धक्यातली दुर्बलता मोजायची पट्टी) आहेच. दुखण्याच्या दोन आठवडे आधी माणूस स्वतःचं किती करत होता, एवढंच विचारायचं. ५ पासून पुढे फ्रेल, म्हणजे दुर्बल.

वैद्य_कोकण: मला भीती जीभ-नाडीची वाटते. त्याच प्रश्नावलीत ३२ वा प्रश्न जिभेवरच्या थराचा, ३३ वा जिभेखालच्या शिरांचा, आणि ते तपासणाऱ्याने बघायचे असतात. पिवळ्या दिव्यात बघितलं किंवा आधी कॉफी झाली असेल तर थराचा रंग फसवतो. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी) चालू असेल तर नाडी मंद लागते. तिला ‘शीत’ म्हणणं म्हणजे गोळीचं निदान करणं. आपल्याकडे प्रकृतिपरीक्षण करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

पण या निमित्ताने पेशंट जडीबुटींबद्दल मोकळेपणाने बोलतो, ते सोडू नका. जिनसेंग किमान ७ दिवस आधी बंद, गिंको ३६ तास, माहुआंग (एफेड्रा) २४ तास. अनेक भूलतज्ज्ञ सरसकट दोन आठवडे सांगतात. दानशेन ही चिनी जडीबुटी आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन एकत्र असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. ज्येष्ठमधाने पोटॅशियम उतरतं, ते तर बऱ्याच चिनी काढ्यांत असतं.

सप्तर्षी: जडीबुटींचं शंभर टक्के मान्य. प्रकृतीचा दावा मात्र मी सोडत नाही. एकाच पेशंटचे दोन्ही आकडे ऑपरेशनआधी नोंदवा. फ्रेल्टी ४ किंवा खाली, पण चार प्रश्नांची बेरीज ११ किंवा वर, अशांनाच वेगळं काढा आणि भ्रम, न्यूमोनिया, ३० दिवसांतली पुन्हा भरती तपासा.

भूलशास्त्र: चालेल. पण त्या गटात हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि इको आधीच झालेले हवेत, आणि निकाल नोंदवणाऱ्याला बेरीज माहीत नको. नाहीतर आपण पुन्हा रक्तक्षयच मोजत बसू.