यादवी, फाळणी की फुटून निघणं?

अमेरिकेत १८६१ ते ६५ उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत जे युद्ध (सिव्हिल वॉर) झालं त्याला मराठीत सरसकट 'यादवी' म्हणतात, ते कितपत बरोबर? आणि दक्षिणेतली राज्यं देशातून बाहेर पडली त्याला एका लेखात 'फाळणी' म्हटलंय, ते तर फारच खटकलं.

– फाळणी नकोच. फाळणीत, मनाविरुद्ध का होईना, दोघांनी मान्य केलेली वाटणी असते. इथे गुलामगिरी पसरू द्यायला विरोध असलेला लिंकन अध्यक्ष म्हणून नुसता निवडून आला, अजून शपथही झाली नव्हती, तर साउथ कॅरोलिनाने २० डिसेंबर १८६० ला एकतर्फी ठराव करून टाकला, मग फेब्रुवारी उजाडेपर्यंत आणखी सहा राज्यं आणि एप्रिलमध्ये फोर्ट समटर या केंद्राच्या किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्यावर अजून चार, अशी एकूण ११. उत्तरेने ते शेवटपर्यंत मानलं नाही. 'फुटून निघणं' म्हणा सरळ. 'विलगीकरण' म्हणाल तर लोकांना कोरोना आठवेल :)

– यादवी पण मला पटत नाही. प्रभासला यादव दारू पिऊन एकमेकांवर तुटून पडले, म्हणजे शाप आणि नशा, बाकी भांडणाला मुद्दा असा नाहीच. अमेरिकेत मुद्दा ४० वर्षं उघड्यावर होता, नव्या प्रदेशात गुलाम ठेवू द्यायचे की नाही. १८२० ला मिसुरी तडजोडीत नकाशावर रेघ मारली, तिच्या उत्तरेच्या नव्या प्रदेशात (मिसुरी सोडून) गुलाम नकोत म्हणून; १८५४ ला कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती पुसली, तिथल्या लोकांनीच ठरवावं म्हणून, मग कॅन्ससमध्ये मारामाऱ्या, खून, सगळंच.

– पण दक्षिणवाले राज्यांच्या हक्कांसाठी लढले असंही म्हणतात ना?

– कसले हक्क हो? पळून आलेले गुलाम पकडून परत द्या असा केंद्राचा कायदा १८५० ला झाला, उत्तरेतली काही राज्यं तो अडवायला लागली तेव्हा दक्षिणवाल्यांना राज्यांचे हक्क आठवले नाहीत. मिसिसिपीने बाहेर पडताना काढलेल्या जाहीरनाम्यात तर सुरुवातीलाच गुलामगिरीचं नाव घेतलंय.

– ओके, माझ्या मजकुरात 'गृहयुद्ध' करतो. आणि 'गुलाम' ठेवू की 'वेठबिगार'? एकाने सुचवलंय.

– गुलामच. वेठबिगाराला राबवतात, पण बाजारात उभं करून विकत नाहीत. तिकडे आई गुलाम तर पोर जन्मतःच गुलाम, १८६० च्या जनगणनेत असे जवळपास ४० लाख. आणि मराठीत हा शब्द या विषयाला आधीच चिकटलाय, जोतिरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिलं ते अर्पण केलंय तिकडची गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच.