पिवळे झेंडे आणि क्रेन

'दुहेरी पिवळे झेंडे हलत होते, तरी फॉर्म्युला वन ड्रायव्हर ज्यूल बियांकीने वेग पुरेसा कमी केला नाही, चूक त्याचीच' असं काही जण म्हणतात. (दुहेरी पिवळे झेंडे म्हणजे पुढे मोठा धोका, वेग खूप कमी करा, थांबायचीही तयारी ठेवा.) २०१४च्या जपानमधल्या सुझुका ट्रॅकवरच्या अपघातानंतर एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या चौकशी समितीनेही हाच मुद्दा मांडला होता. खोटा नाहीच तो. पण अर्धाच आहे.

पाऊस, मावळतीकडे झुकलेला दिवस. आदल्याच फेरीत एड्रियन सुटिलची गाडी त्याच वळणावर घसरलेली आणि ती उचलायला क्रेन कुंपणाच्या आत उभी. बियांकी त्या क्रेनलाच धडकला. समितीनेच दिलेले आकडे बघा: सुमारे ७०० किलोची गाडी, ६५०० किलोची क्रेन, धडकेचा वेग ताशी १२६ किमी. ड्रायव्हर घसरणार हे गृहीत धरूनच तर वळणाबाहेर मोकळी जागा आणि टायरांच्या भिंती ठेवतात ना? मग नेमकी तिथेच क्रेन सोडायची आणि वर झेंडा दाखवून हात झटकायचे?

शिवाय 'पुरेसा कमी' म्हणजे किती, हे ड्रायव्हरच्या अंदाजावर. शर्यतीत जो जास्त हळू होतो तो सेकंद गमावतो. म्हणून तर २०१५पासून व्हर्च्युअल सेफ्टी कार ही पद्धत आली, सगळ्यांना सारखंच हळू करणारी. बियांकी त्याच वर्षी जुलैत गेला.

आणि २०२२? तेच सुझुका, तसाच पाऊस, सेफ्टी कार (सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवणारी गाडी) असताना ट्रॅकवर पुन्हा क्रेन. पिएर गास्ली तिच्या शेजारून गेला आणि रेडिओवर अक्षरशः ओरडला. लाल झेंड्याखाली (म्हणजे शर्यत थांबवलेली असताना) वेगात गेल्याबद्दल वीस सेकंदांचा दंड मात्र त्यालाच झाला.