कंट्रोल नेटवर्कचा डेटा: फाइल उपकरणागणिक की दिवसागणिक?

लेव्हलवाला: घाटातल्या एका बोगद्याची दोन्ही तोंडं जोडणारं कंट्रोल नेटवर्क, म्हणजे नेमकी जागा ठरवलेल्या खुणांचं जाळं, बसवायचंय. स्टॅटिक जीएनएसएसच्या बेसलाइन (उपग्रहांवरून काढलेल्या दोन खुणांमधल्या रेषा), कोन-अंतर मोजणाऱ्या दोन टोटल स्टेशनचे ट्रॅव्हर्स (खुणेमागून खूण मोजत नेलेल्या साखळ्या) आणि उंचीतला फरक मोजणाऱ्या डिजिटल लेव्हलची जाऊन-येऊन रन, एवढा माल हाताशी आहे. शेवटी सगळं लीस्ट स्क्वेअरमध्ये, म्हणजे चुका कमीत कमी ठेवून सगळी मापं जुळवणाऱ्या गणितात, एकत्रच जाणार. तरी माझं मत ठाम आहे: प्रत्येक उपकरणाची फाइल वेगळी. कोनात 1 सेकंद चुकणारं आणि 5 सेकंद चुकणारं मशीन एकत्र कालवलं की गणितात दोघांना सारखंच वजन मिळतं आणि चांगल्या कोनांचं मातेरं होतं. खरं तर दुसऱ्याच्या कोनाला 25 पट कमी भाव मिळायला हवा.

दगडफोड्या: अजिबात पटलं नाही. वजनासाठी फाइल कशाला फोडायची? हे गणित करणाऱ्या स्टारनेटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उपकरणांची यादी असते, डेटात एक ओळ टाकली की पुढच्या निरीक्षणांना दुसऱ्या मशीनचं वजन लागतं. चुका होतात त्या सेटअपवर, मशीन आणि प्रिझम मांडताना. लायका कंपनीचा नेहमीचा मिनी प्रिझम (अंतर मोजायला समोर धरायचा आरसा) लावला आणि मशीनच्या सेटिंगमध्ये गोल प्रिझमच राहिला, की त्या दुपारचं प्रत्येक अंतर 17.5 मिमीनं कमी. फाइल दिवसागणिक असेल तर सॉफ्टवेअरच्या यादीत त्या दिवसाची टिक काढायची, गणिताचा परत रन मारायचा. चोर हाती लागतो.

लेव्हलवाला: टिक काढल्यावर नेटवर्क उभं राहायला हवं ना! जादा निरीक्षणंच नसतील तर काय हाती लागणार, धोंडा?

खडूस सर्व्हेअर: 25 पट म्हणे! घाटात साइट (मशीनपासून निशाणापर्यंतचं अंतर) केवढ्या मिळतात ते बघा आधी. 50 मीटरवर सेंटरिंग (खुणेच्या बरोबर वर बसवणं) 1.5 मिमी चुकलं तर कोनात 6 सेकंद गेले. ती चूक धरली की पहिलं मशीन साधारण 6.1 सेकंदांचं, दुसरं 7.8 चं. वजनातला फरक उरला पावणेदोनपटीच्या आतच. माहितीपत्रक वाचून वजनं लावणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

जिऑइडप्रेमी: फायलींच्या भांडणात उंची राहिली बाजूलाच. जीएनएसएस एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरची उंची देतं, लेव्हल समुद्रसपाटीपासूनची. आपल्याकडे हा फरक साठ मीटरच्या पुढे आहे, तो आंधळ्यालाही दिसेल. गोम आहे ती दोन तोंडांमध्ये जिऑइड (समुद्रसपाटीचा पृष्ठभाग) जो काही सेंटिमीटर कलतो त्यात. म्हणून लेव्हल आधी एकटी चालवा, क्लोजर (जाऊन-येऊन किती फरक उरतो) बघा, मग बाकीच्यात सोडा. आणि टोटल स्टेशनची अंतरं कच्चीच द्या. 75 अंश रेखांशावर यूटीएममध्ये, म्हणजे नकाशाच्या सपाट ग्रिडवर, किलोमीटरमागे 40 सेंमी कमी होतात. कुणी आधीच ग्रिडवर आणून ठेवली आणि सॉफ्टवेअरनं पुन्हा आणली, तर बसा शोधत.

लेव्हलवाला: सेंटरिंगचं खडूसरावांचं गणित मान्य, टोटल स्टेशनपुरतं. बेसलाइनची फाइल मात्र वेगळीच राहील. प्रोसेसिंगमधून येणारे सिग्मा (चुकीचे अंदाज, म्हणजे किती चूक असेल ते आकडे) फार आशावादी असतात, त्यांना गुणक लावून फुगवावं लागतं. तो गुणक कोनांना चिकटायला नको.

दगडफोड्या: ठेवा की, कोण नको म्हणतंय. टोटल स्टेशनचा दिवस तेवढा फोडू नका. आणि साहेब, त्याआधी पॉइंटची नावं ठरवा. एका पार्टीनं सीपी3 लिहिलंय, दुसरीनं सीपी03, लेव्हल करणाऱ्या पार्टीनं सीपी-3. सॉफ्टवेअरच्या लेखी हे तीन पॉइंट आहेत.