मदत हवी आहे: उलटा लंबक आणि स्थिर समतोल

नमस्कार मंडळी. नाशिकरोडला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. निव्वळ बल आणि आघूर्ण (वस्तू फिरवणारा परिणाम, म्हणजे टॉर्क) शून्य म्हणजे समतोल, आणि हलका धक्का दिल्यावर वस्तू परत येते का यावरून स्थैर्य ठरतं, इथपर्यंत मुलांना छान समजतं. स्थितिज ऊर्जेच्या दरीत स्थिर, शिखरावर अस्थिर. मग एका मुलीने रशियन भौतिकशास्त्रज्ञ कापित्सांच्या लंबकाबद्दल विचारलं (फार चांगला प्रश्न!). दांडी उलटी उभी, म्हणजे शिखरावरच. पण टेकू वर-खाली वेगाने कंपित केला की ती उभीच राहते, ढकलली तरी सावरते. कापित्सांनी हे १९५१ मध्ये समजावून सांगितलं.

टेकूच्या वेगवान कंपनांची सरासरी काढून येणारी प्रभावी स्थितिज ऊर्जा (जिच्यात उभ्या स्थितीलाही दरी तयार होते) मला माहीत आहे, पण कॅल्क्युलसशिवाय अकरावीला हे कसं पटवायचं?

दुसरं, प्रयोग करून दाखवायचाय. २० सेंमी दांडी, टोकाला वजन, टेकू मध्यापासून १ सेंमी वर-खाली: हिशेबाने सेकंदाला साधारण ३२ पेक्षा जास्त कंपनं लागतात. लाकूड कापायच्या जिगसॉवर जमेल असं वाटतं. सातपूर-अंबडकडे वर्कशॉप असलेलं कोणी पात्याच्या जागी बिजागरीचा जोड बसवून देईल का? दांडी उडू नये म्हणून काय काळजी घ्यावी, तेही सांगा.